वाक्यात ‘आणि’ असलं तरी गणितात ‘किंवा’ का येतं?

तुमची मुलगी संयुक्त असमानता (‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’ अशा दोन अटी जोडलेली गणितं) सोडवते, पण रोजच्या बोलण्यातलं वाक्य दिलं की ‘आणि’ लिहायचं की ‘किंवा’, तिथे अडते, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात अकरावी-बारावीला गणित शिकवते. या मुद्द्यावर बहुतेक मुलं अडतात, आणि त्यात त्यांच्यापेक्षा आपल्या बोलण्याच्या सवयीचा वाटा मोठा आहे.

एसटीचं घ्या. आपण म्हणतो, “पाच वर्षांखालची मुलं आणि पंचाहत्तरी पूर्ण झालेले म्हातारे फुकट जातात.” माझ्या एका विद्यार्थिनीने वयाला क्ष धरून लगेच लिहिलं: क्ष < ५ आणि क्ष ≥ ७५. मी म्हटलं, “गणेशपेठ स्टँडवर जा आणि असा एक माणूस शोधून आण.” ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, माझे आबाजी शहात्तरचे आहेत. पण ते पाचाच्या आत कसे येतील?”

तिथेच गाठ सुटली. वाक्यातला ‘आणि’ दोन गट जोडत होता. गणितातला क्ष म्हणजे एकाच माणसाचं वय. त्या एकाला दोन्ही अटी लागू व्हायला हव्यात तर ‘आणि’, एक लागू झाली तरी भागतं तर ‘किंवा’. म्हणून क्ष < ५ किंवा क्ष ≥ ७५.

टोकाच्या आकड्याचंही तसंच. रेल्वेत बर्थ न घेता अर्धं तिकीट पाच पूर्ण, पण बाराच्या आतल्या मुलाला: ५ ≤ क्ष < १२. बाराव्या वाढदिवशी तिकीट पूर्ण. ‘किमान’, ‘कमाल’ ऐकलं की बरोबरचं चिन्ह येतं. ‘च्या आत’ ऐकलं की सहसा नाही. नुसतं ‘पाच ते बारा’ म्हटलं असेल तर नियम बघावाच लागतो.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण, आपल्या उन्हाळ्याचं. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागातलं कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. किंवा नुसतं ४५ गाठलं तरी लाट. त्या दिवसाच्या कमाल तापमानाला क्ष आणि त्या दिवसांतल्या नेहमीच्या सरासरीला स म्हणू:

(क्ष ≥ ४० आणि क्ष − स ≥ ४.५) किंवा क्ष ≥ ४५

समजा मार्चमध्ये स = ३५. कंसात ४० आणि ३९.५ (३५ + ४.५), दोन्ही गाठायला हव्यात, म्हणून मोठा आकडा ४० ठरतो. मे अखेरीस समजा स = ४३. आता कंसालाच ४७.५ (४३ + ४.५) लागतात! नुसता कंस ठेवला असता तर ४६ अंशांत होरपळूनही लाट ठरली नसती. ‘किंवा’ने ती ४५ लाच पकडली. (२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले; तो दिवस दोन्हीकडून बसतो.) मुलीला स बदलून हे स्वतः करू द्या. ‘आणि’ने अट कडक होते, ‘किंवा’ने सैल, हे तिला आकड्यांतच दिसेल.

मग तिला हे द्या: पुरुष प्रवाशाला एसटीत अर्धं तिकीट कोणत्या वयात? (बायकांना २०२३ पासून, जिथे फुकट नाही तिथे, सरसकट अर्धंच आहे.) ५ ते १२ आणि ६५ ते ७५ असे दोन तुकडे येतील, मध्ये ‘किंवा’, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एकेक ‘आणि’. टोकाचे आकडे कोणत्या बाजूला जातात, ते तिलाच कंडक्टरला विचारू द्या.