जिप्सीला 3 इंच लिफ्ट केली आहे. 31 चे टायर घातले तर क्राउन-पिनियन बदलावाच लागेल का? मुंबईत हे काम कोण करतं?

लागेल. क्राउन-पिनियन म्हणजे अॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधली, शाफ्टची फिरकी चाकांना देणारी दातेरी जोडी. किंग (1300 सीसीची) जिप्सी असेल आणि टायर खरोखर 31 चे असतील तर लागेलच. "लो रेंज आहे की, कशाला खर्च करतोस" असं सांगणारे तुम्हाला भेटतील (लो रेंज म्हणजे कठीण चढासाठीचा हळू पण जास्त ताकदीचा टप्पा; रोजचा तो हाय रेंज). मला भेटला होता, आणि त्याच्याबरोबर मी सहा वर्षं एका जिप्सीत अर्धा भागीदार होतो. म्हणून जरा लांबण लागणार आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. लिफ्टचा आणि गिअरिंगचा काही संबंध नाही. पाटे आणि शॅकल बदलून तुम्ही बॉडी वर नेलीत, त्याने चाकाला मडगार्डमध्ये जागा झाली, बस. डिफरन्शियलचं हाउसिंग जिथे होतं तिथेच आहे, एक मिलिमीटरही वर गेलेलं नाही. ते वर जातं फक्त टायरमुळे, तेही टायरची उंची जेवढी वाढते त्याच्या निम्मं. आणि इंजिनाला जो भार जाणवतो तोही टायरचाच. किंगचा कंपनीचा टायर 205/70 आर 15, त्याची उंची साधारण 668 मिलिमीटर. 31 इंच म्हणजे 787. भागाकार करा, 1.18 येतो. म्हणजे तुमचा पहिल्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक गिअर 18 टक्क्यांनी लांब झाला, तेवढा वेग जास्त आणि ओढ कमी. 103 न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनाला हे झेपत नाही. पाचवा गिअर एक्स्प्रेसवेच्या उतारावरच लागेल, आणि काटा 60 दाखवेल तेव्हा तुम्ही 70 ने चाललेले असाल.

आता आमची गोष्ट. 2009 मध्ये आम्ही दोघांनी मिळून एक सेकंडहँड किंग घेतली. तो भांडुपला, मी मुलुंडला, एक आठवडा गाडी त्याच्याकडे, एक माझ्याकडे. दोन इंच लिफ्ट केली आणि 235/75 आर 15 चे टायर घातले, म्हणजे 733 मिलिमीटर, जवळपास 10 टक्के वाढ. दिसायला गाडी अशी झाली की सोसायटीतली पोरं फोटो काढायची. पण त्या जुलैत माळशेज चढताना चार माणसं आणि तंबूंचं सामान घेऊन ती तिसऱ्यावर ओढेना, दुसऱ्यावर नुसती किंचाळायची. मी वळणावळणाला क्लच खेळवत वर गेलो. पठारावर थांबलो तेव्हा जळकट वास गाडीत भरला होता. क्लच प्लेट गेली. भागीदार म्हणाला, तुझा पाय क्लचवरच असतो. नवी प्लेट टाकली, चार महिन्यांत तीही गेली. त्या वेळी गाडी त्याच्या आठवड्यात होती, पण तरीही पाय माझाच निघाला!

मी म्हणत होतो की गिअरिंग करून घेऊ. तो म्हणायचा, टायर घातले तर इंजिन ओढेल, सवय होईल. शेवटी मी कामासाठी दोन महिने नाशिकला असताना त्याने कुर्ल्याच्या एका गॅरेजात गाडी दिली आणि मला फोन केला, "गिअरिंग केलंय, आता तुझं तोंड बंद." बिलावर एकच ओळ होती: डिफरन्शियल काम. मी आलो, चालवली, थोडी बरी ओढत होती. मी खूश झालो आणि विषय सोडला. ती माझी चूक.

डिसेंबरात कर्जतच्या पुढे खांडसच्या बाजूला गेलो होतो. कोरडा, दगडगोट्यांचा चढ, वळण जवळजवळ नाही. फोर व्हील टाकून लो मध्ये चढत होतो. थोड्याच वेळात स्टिअरिंग जड झालं, गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी अडायला लागली. वर पोचल्यावर फोर व्हील काढायला गेलो तर लिव्हर हलेना. रिव्हर्स घेऊन सोडवू म्हणून जरा मागे घेतली आणि खालून मोठा आवाज झाला. पुढच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटून शाफ्ट लोंबत होता. भागीदार खाली वाकून बघतो काय आणि पहिलं वाक्य बोलतो काय, "रिव्हर्स असा घेतात का?"

त्या रात्री गाडी मुलुंडला आणली आणि मी झोपलो नाही. पार्किंगमध्ये मागचं एकच चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. टायरवर खडूची एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. चाक हाताने बरोबर वीस फेऱ्या फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टच्या फेऱ्या किती होतात ते मोजायचं. एक चाक रोवलेलं असल्यामुळे वर उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउनची एक होते, म्हणून वीस फेऱ्यांत जो आकडा येतो त्याला दहाने भागलं की रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेरीला शाफ्टच्या किती, तो मिळतो. वॉचमन टॉर्च धरून शाफ्टकडे बघत मोठ्याने मोजत होता. मागे 41 आणि वर थोडं. मग पुढे आलो, हब (पुढची चाकं अॅक्सलला जोडणारे) लॉक केले, तेच परत. 39. तीन वेळा मोजलं, तीन वेळा 39.

नंतर दोन्ही उघडले. पुढे 11 ला 43 दात, म्हणजे 3.91. मागे 9 ला 37, म्हणजे 4.11. गॅरेजवाल्याने जुन्या 1000 सीसीच्या गाडीतला एकच जोड मिळाला म्हणून फक्त मागे बसवला होता, आणि भागीदाराला ते माहीत होतं. "पुढचा काय कायम लागतो का?" हे त्याचं उत्तर. अरे, जेव्हा लागतो तेव्हा दोन्ही शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना बांधलेले असतात. मागची चाकं शंभर मीटर जाताना पुढची एकशेपाच जायला बघतात. ते पाच मीटर जाणार कुठे? चिखलात चाक घसरतं आणि निभावतं, कोरड्या दगडावर ते शाफ्टला पीळ घालत राहतं आणि सगळ्यात कच्चा तुकडा तुटतो. रिव्हर्स मी कसाही घेतला असता तरी तो क्रॉस त्या दिवशी नाहीतर पुढच्या दिवशी जाणारच होता. आजही तो मित्रांत हे मान्य करत नाही, म्हणतो तू मोजायला चुकलास. दात मोजायला काय चुकणार?

तर तुमच्याबद्दल. जे कराल ते पुढे-मागे एकाच वेळी, एकाच आकड्याचं. 31 ला 1.18 ची भरपाई हवी. तुमच्यात 3.91 निघाला तर नुसत्या 4.11 ने फक्त 5 टक्के मिळतात. पण जिप्सीचं ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळं असतं, हा मोठा फायदा आहे. जिप्सी ज्या सुझुकीवरून आली त्या जुन्या एसजे 410 च्या केसमध्ये हाय रेंज 1.58 ची होती, नंतरच्या 1.3 वाल्या एसजे 413 मध्ये 1.409 ची, किंगमध्येही तीच. ते जुने गिअर टाकले की 12 टक्के मिळतात, आणि पुढचं-मागचं बिघडायचा प्रश्नच येत नाही कारण दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून जातं. 12 आणि वर 4.11 चे 5, गुणाकार केला की बरोबर 1.18 होतो. मी आज करायचं ठरवलं तर आधी ट्रान्सफर केस करीन, चालवून बघीन, मग क्राउन-पिनियनला हात लावीन. फक्त स्पीडोमीटरच्या काट्याची चूक ट्रान्सफर केसने सुधारत नाही, काट्याची केबल त्या गिअरच्या नंतरच्या शाफ्टवरून निघते.

कोण करतं, तर नाव देणार नाही, माणसं बदलतात. जो क्राउनच्या दातांना निळा रंग लावून फिरवून ठसा कुठे उमटतो ते तुम्हाला दाखवतो, त्याच्याकडे द्या. ठसा दाताच्या मध्यावर हवा, कडेला आला तर शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून परत. ठसा न बघता "आवाज येतो का बघू" म्हणणाऱ्याकडे देऊ नका, तो आवाज सहा महिन्यांनी येतो. जुने जोड घेताना अॅक्सलच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) मोजून घ्या, जुन्या-नव्या गाडीत फरक असू शकतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 9 दातांचा पिनियन 11 च्यापेक्षा बारीक असतो, म्हणून नाजूकही, तेव्हा खडकावर अडकल्यावर अॅक्सिलरेटर दाबून धरू नका. मोठ्या टायरला ब्रेकही तेवढेच कमी पडतात, त्याचं गिअरिंगने काही होत नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील रेशो जुळलेला असला तरी टाकायची नाही, वळणावर तेच होतं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्यावाला पहिलं तेच काढेल, हे धरून चाला.

आधी खडू आणि जॅक घेऊन दोन्ही आकडे मोजा, आणि टायरवर छापलेला पूर्ण नंबर बघा. ते खाली लिहिलेत तर हिशेब करून देतो.