सर्बियन मित्राला ‘कसा आहेस?’ कसं विचारायचं?

ऑफिसातल्या बेलग्रेडच्या मित्राची आई दवाखान्यात आहे, त्याला त्याच्याच भाषेत ‘कसा आहेस’ असं विचारायचंय, आणि शोधल्यावर ‘काको सी?’ आणि ‘श्ता इमा?’ अशी दोन उत्तरं मिळतात, तर कुठलं लिहू, असं तुम्ही विचारलंय. ‘काको सी?’ लिहा. मी नोकरीसाठी दोन वर्षं सर्बियातल्या नोवी साद शहरात राहिले आहे. तिथे या दोन प्रश्नांतलं अंतर मला रोज जाणवायचं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘काको’ म्हणजे कसं, ‘सी’ म्हणजे आहेस. हा ‘सी’ आपल्या ओळखीचाच आहे, संस्कृतातल्या ‘असि’च्या नात्यातला. मराठीत कसा-कशी बदलतं, ‘काको’ मात्र मुलासाठी आणि मुलीसाठी एकच. उच्चारताना जोर ‘का’वर द्या आणि ‘सी’ आखूड ठेवा. इथे दीर्घ लिहिलाय तो आपल्या शुद्धलेखनामुळे. एक सवय मात्र सोडावी लागेल. आपण ‘आहेस’ वाक्याच्या शेवटी टाकतो, पण तिथे ‘सी’ला ‘काको’च्या मागोमागच यावं लागतं. ‘ती’ म्हणजे तू. पण ‘काको ती सी’ असं कुणी म्हणत नाही. ‘तू’वर भर द्यायचा असेल तर ‘काको सी ती?’.

‘ती’ आणि ‘वी’ म्हणजे थेट आपलं तू आणि तुम्ही. ‘वी’ अनेकवचनी, आणि एकट्या माणसाला वापरला की आदरार्थी. मित्राच्या आईशी कधी बोलणं झालंच तर ‘काको स्ते?’ म्हणायचं. कुणाला तू आणि कुणाला तुम्ही, याचा जो अंदाज तुम्ही घरात शिकलात तो तिथे बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो.

आता ‘श्ता इमा?’. शब्दशः ‘काय आहे?’, पण खरा अर्थ आपलं ‘काय विशेष?’. जिन्यात, बसस्टॉपवर, मेसेजच्या सुरुवातीला हेच चालतं. त्याला उत्तर येतं ‘निश्ता, कोद तेबे?’, म्हणजे काही नाही, तुझ्याकडे? दोघांपैकी कुणालाच खरी खबरबात नको असते, गाठ पडल्याचा आनंद असतो. त्यात ‘ब्राते’ जोडला की सलगी आणखी वाढते. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आणि हाक मारताना त्याचं ‘ब्राते’ होतं, जसं आपल्याकडे ‘भावा’. ‘श्ता इमा, ब्राते?’ म्हणजे अगदी ‘काय म्हणतोस भावा?’. मुलीमुलीसुद्धा एकमेकींना सर्रास ‘ब्राते’ म्हणतात.

तिसरा प्रश्न आहे ‘ग्दे सी?’, बोलताना नुसतं ‘दे सी’. अर्थ ‘कुठे आहेस?’. माणूस समोर उभा असतो आणि तरी हेच विचारतो, कारण त्याला म्हणायचं असतं, ‘अरे आहेस कुठे, किती दिवसांत दिसला नाहीस!’ त्यावर पत्ता सांगायचा नसतो. ‘एवो मे’ म्हणायचं, म्हणजे हा काय, आलो.

उत्तरांमध्ये मला सगळ्यात आवडायचं ते ‘गुराम’. ‘गुराती’ म्हणजे ढकलणं. ‘गुराम’ म्हणजे ढकलतेय. आपल्या ‘चाललीय ढकलगाडी’चा इतका नेमका जोडीदार मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही. शिवाय ‘पो स्तारोम’ (नेहमीचंच), ‘नीये लोशे’ (वाईट नाही) आणि साधं ‘दोब्रो’ (बरं).

पण ‘काको सी?’ विचारलं की समोरचा खरोखर उत्तर देतो, आणि विचारणाराही उत्तरासाठी थांबतो. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळले होते. घरमालकीण आजी वर आल्या, दारातून विचारलं, ‘काको सी, सीने?’ ‘सीने’ म्हणजे ‘मुला’, पण मुलींनाही मायेने तसंच म्हणतात; आई लेकीला ‘अरे बाळा’ म्हणते ना, तसंच. मी ‘दोब्रो’ म्हणाले. आजी हलल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात टेकून माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा तेच, या वेळी हळू, ‘काको सी?’ तेव्हा मी म्हणाले, ‘नीये दोब्रो’, बरं नाही. त्या खाली गेल्या आणि अर्ध्या तासाने शेवया घातलेलं कोंबडीचं पातळ सूप घेऊन आल्या. पातेलं फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी संपवेपर्यंत बसल्या, आणि जाताना ‘काको सू त्वोयी?’, म्हणजे घरचे कसे आहेत, हेही विचारून गेल्या. पुढे दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला असेल! माझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं ते त्यांना कायम लक्षात असायचं.

म्हणून तुमच्या मित्राला ‘श्ता इमा’ नको. ज्याची आई दवाखान्यात आहे त्याला ‘काय विशेष’ आपणही विचारणार नाही.

असं लिहा: नाव घेऊन ‘काको सी?’, आणि पुढे ‘काको ती ये मामा?’. इथे ‘मामा’ म्हणजे आई, आणि हा ‘ती’ म्हणजे ‘तुझी’. नाव संबोधनात बदलायला विसरू नका. आपण गणेशला ‘गणेशा’ म्हणतो तसं योवानचं ‘योवाने’, मिलानचं ‘मिलाने’ होतं. मार्को मात्र मार्कोच राहतो. मित्राचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, कळवलंत तर नेमकं रूप सांगेन. सर्बियन दोन लिप्यांत लिहितात, पण मेसेजमध्ये बहुतेक जण रोमन लिपी वापरतात आणि अक्षरांवरच्या टोप्याही गाळतात, त्यामुळे साध्या कीबोर्डवर काम भागेल.

त्याचं उत्तर काहीही येवो, शेवटी ‘द्र्झी से’ लिहा, म्हणजे धीर धर. आणि मनात असेल तर ‘तू साम’. हा ‘तू’ आपला तू नव्हे. ‘तू’ म्हणजे इथे, ‘साम’ म्हणजे मी आहे.