टोपीची पिन, मोज्याचा पट्टा आणि पेट्रोलचा कॉक

प्रश्न : बेर्टा बेंझ यांनी १८८८ साली नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझ यांनी, बनवलेली मोटार घेऊन शंभर किलोमीटर प्रवास केला आणि वाटेतले बिघाड टोपीच्या पिनेने, मोज्याच्या पट्ट्याने दुरुस्त केले म्हणतात. हे खरंच जमण्यासारखं आहे, की मागाहून रचलेली गोष्ट?
– एक वाचक, कराड

उत्तर : जमण्यासारखं आहे. ही हकीकत घरच्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली, त्यामुळे थोडं मीठमसाला गृहीत धरा. पण माझी चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, आणि त्यातला एकही बिघाड मला खोटा वाटत नाही. गोष्ट रचणारा माणूस इंजिन फोडतो, घाटात चाक निखळवतो. इथे झालं काय? इंधनाच्या नळीत कचरा अडकला आणि एक वायर सोलवटली.

ऑगस्ट महिना. जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी. बरोबर ओयगन आणि रिचर्ड ही दोन मुलं, आणि नवऱ्याला पत्ता नाही! गाडी तीन चाकांची, एका सिलिंडरची. वेगळी टाकी नव्हतीच. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भांड्यात, मावेल तेवढंच इंधन, साधारण साडेचार लिटर. म्हणून वाटेतल्या वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रव, घ्यावं लागलं. ते तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला वापरत. चेन लोहाराने दुरुस्त केली, लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची.

आता तो पट्टा. त्या गाडीत बॅटरी, तिच्या विजेचा दाब वाढवणारी थरथरणारी कॉइल आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग होता. कॉइलमधून निघणारा दाब हजारो व्होल्टचा. वायरचं वेष्टन हादऱ्यांनी घासून गेलं आणि तार लोखंडाला टेकली, की करंट प्लगपर्यंत जातच नाही, वाटेतच गाडीच्या लोखंडात उतरतो. मध्ये कापड घाला, काम झालं.

खंबाटकीच्या घाटात एकदा रात्री मी असाच अडकलो होतो. जीप सपाटीला नीट चालायची, खड्डा आला की आचके द्यायची. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, कार्बोरेटर खोला." मी बॉनेट उघडलं, दिवे बंद करायला सांगितले आणि अंधारात नुसता बघत राहिलो. कोरड्या काठीने वायरी एकेक हलवल्या. तिसरीला चट् करून निळी ठिणगी बॉडीवर उडाली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि कोल्हापूर गाठलं. बेर्टाबाईंनी वेगळं काय केलं?

प्रश्न : १९०७ च्या चाचणीत रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट' १५,००० मैलांत बिघाडाने एकदाच थांबली. नेमकं काय मोडलं होतं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काहीच मोडलं नव्हतं. ६२९ मैलांवर हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची-अडवायची तोटी, आपोआप बंद झाला. तो उघडला आणि उरलेले १४,३७१ मैल गाडी बिघाडाने अडली नाही. लंडन-ग्लासगो अशा फेऱ्यांवर फेऱ्या, आणि तपासायला ऑटोमोबाइल क्लबची माणसं.

इंजिनची स्तुती सगळेच करतात. मी इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची करीन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग: एकाला मॅग्नेटोची ठिणगी, दुसऱ्याला बॅटरी-कॉइलची. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज तयार करतो. जर्मनीतल्या बॉशच्या कारखान्यात इंजिनिअर होनोल्ड यांनी १९०२ मध्ये तो उच्च दाबाचा करून दाखवल्यावर लांबच्या प्रवासातली निम्मी डोकेदुखी गेली, असं माझं मत. त्याआधी बॅटरी उतरली की माणूस रस्त्यावर.

१९०८ मध्ये आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर चाचणीतही रोल्स-रॉईस धावली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. आमच्या घाटांतून तेव्हाच्या रस्त्यांवर!

आणि कॉकचं म्हणाल, तर एक गृहस्थ भर उन्हात दोन किलोमीटर स्कूटर ढकलत माझ्या दुकानात आले होते. मी खाली वाकून कॉक फिरवला, किक मारली. पैसे घेतले नाहीत. ते मात्र समोरच्या टपरीवर माझ्या चहाचे देऊन गेले, आणि जाताना म्हणाले, "कुणाला सांगू नका."