बर्मिंगहॅमला निघालीस? आधी कान तयार कर

पहिली चूक सगळेच करतात: बीबीसी छापाचं इंग्रजी तेच शुद्ध, बाकीचं गावंढळ. ब्रमी, म्हणजे बर्मिंगहॅमचा हेल, 'कुठला हेल आवडतो' अशा पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं तळाला असतो. दोष कानाचा नाही, कारखान्यांच्या शहराला चिकटलेल्या प्रतिमेचा. आपल्याकडे 'आनि-पानी'ला हसतात ना, तेच. १९४१ मध्ये निवेदक विल्फ्रेड पिकल्सनी बीबीसीवर उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरी हेलात बातम्या वाचल्या, तर तक्रारी आल्या!

सुरुवातीला एवढंच:
- ऑफिसात ब्रमीची नक्कल नको, कौतुक म्हणूनसुद्धा. फार लागतं.
- दुकानात कुणी 'बॅब' म्हणालं तर चिडू नकोस, लाडाचा शब्द आहे.
- कळलं नाही तर परत विचार. तिथे 'बस'चं 'बुझ' होतं. मी नुसती मान डोलावली आणि भलत्याच 'बुझ'मध्ये चढले.

स्वतःचे उच्चार बदलायचे का, ते सहा महिन्यांनी बघू.