व्हिएतनामच्या आधी येऊर

व्हिएतनामच्या सायकल सफरीचं तिकीट काढलंस, झकास. आता वीस किलो सामान लादून ठाण्याजवळच्या येऊरचा चढ दोनदा मार. पाम बीच रोडवर रिकाम्या सायकलने मारलेल्या चकरा मी धरत नाही. ओझं चढलं की खरा जीव जातो मागच्या चाकाचा.

स्पोक तुटतो तोही बहुधा तिथलाच, कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचा, कारण त्या बाजूला ताण जास्त. आणि कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. हुए आणि दा नांगमधल्या हाय व्हान घाटात माझा तुटला. जादा स्पोक होते, पण कॅसेट काढायचं हत्यार ठाण्यात कपाटात! चाक लचकून ब्रेकला घासायला लागलं. सायकल हातात धरून उरलेला घाट उतरलो. मापाचे चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटव. डिरेलर हँगरही (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुझ्या मॉडेलचाच ने, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नकोस.

चोरांपेक्षा मला भीती तिथल्या उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची. सकाळी अर्धवट झोपेत निघताना आपण सवयीने डावी बाजू धरतो. आरसा डाव्या मुठीला लाव, मागच्या गाड्या तिथे डावीकडून पुढे जातात.

आणि मुक्कामाला पोचलास की आईला लोकेशन पाठव. नाहीतर ती मला फोन करत बसेल.