रान तिघांचं, मग भाडं कुणाचं किती?

प्रश्न : नमस्कार दादा, मी कोथरूडला राहते, माझी एक घोडी आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही तिघांनी मिळून मुळशीकडे तीन एकर माळरान भाड्यानं घेतलं, महिना ९,००० रुपये, प्रत्येकी ३,०००. करार माझ्या एकटीच्या नावावर आहे कारण मालक माझ्याच ओळखीचे. दुसरा भागीदार आयटीत आहे, त्याचा एक घोडा. तिसऱ्याचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, तेव्हा त्याचे दोन होते, आता न विचारता चार झालेत. भाड्याचं बोललं की म्हणतो, रान तिघांचं तर भाडंही सारखंच. त्याची माणसं लीद उचलत नाहीत, आणि गेल्या महिन्यात फाटक उघडं राहिलं तर घोडे शेजारच्या हरभऱ्यात घुसले, त्याची भरपाई अजून कुणीच दिली नाहीये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भांडणं होतात. मला वाटतं सरळ कुलूप बदलावं. घोडी मला विकायची नाही. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, कुलूप बदलू नका. राग समजू शकतो, पण आत त्याची चार जनावरं आहेत, त्यांचं वैरणपाणी अडलं आणि त्यातलं एखादं आजारी पडलं तर सगळं तुमच्यावर येईल, आणि दीड वर्ष ज्याच्याकडून भाडं घेतलं त्याला एका रात्रीत बाहेर ठेवलं म्हणून पोलिसांत गेलं तर तुमची बाजू कच्ची पडेल.

आता भाडं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, भाडं माणशी नसतंच, तोंडामागे असतं. गवत खातो तो घोडा, आपण नाही. पण त्याचं म्हणणंही पूर्ण चूक नाही, कारण कुंपण, पाण्याची टाकी, फाटक हे एक घोडा असला तरी लागतं आणि चार असले तरी लागतं. म्हणून दोन भाग करा. ९,००० मधले ३,००० जागेचे, ते तिघांत सारखे, प्रत्येकी १,०००. उरलेले ६,००० हजेरीवर. एक घोडा एक रात्र रानात राहिला की एक हजेरी. सहा घोडे, तीस दिवस, म्हणजे १८० हजेऱ्या, एका हजेरीला साधारण ३३ रुपये पडतात. तुमचे झाले २,०००, आयटीवाल्याचे २,००० आणि वरातवाल्याचे ५,०००. लग्नसराईत त्याचे घोडे गावात राहतात असं तो म्हणेलच, तर सलग आठ दिवसांपेक्षा जास्त बाहेर असतील तरच हजेरी कापा, कारण तोवर त्याची जागा अडकलेलीच असते. शिंगरू आईच्या दुधावर आहे तोवर आईतच धरा. आणि ही हजेरी फोनवर नको, फाटकाशी डब्यात एक वही ठेवा, जो येईल तो लिहील.

पण खरं सांगू का ताई, तुमचं भांडण पैशाचं दिसतंय तेवढं पैशाचं नाहीये. रान पुरत नाहीये, त्याचं आहे. ब्रिटनमध्ये एका घोड्याला एक ते दीड एकर कुरण धरतात, आणि तेही वर्षातला बराच काळ हिरवं राहणारं. तुमच्याकडे अर्धा एकर पडतोय, तोही पावसाच्या पाण्यावरचा माळ, जो दिवाळीनंतर पिवळा पडतो. ४०० किलोचा घोडा दिवसाला साधारण ८ किलो सुका चारा खातो, सहा घोडे ४८ किलो, महिन्याला जवळजवळ दीड टन. एवढं गवत जानेवारीत त्या तीन एकरांवर येणार कुठून? मग गवत संपलं की घोडे घाणेरी नाहीतर गाजर गवताला तोंड लावतात, दोन्ही विषारी, घाणेरीनं तर जनावराचं लिव्हर जातं. त्यामुळे दिवाळी ते जून ते रान फक्त पाय मोकळे करायला आहे असं तिघांनी मान्य करा आणि कडबा, लसूणघास ज्यानं त्यानं आपापल्या घोड्याला आणायचा. वैरण एकत्र केली की नवीन भांडण सुरू, ते नको.

पावसाळ्यात उलटं करा. रानाचे तीन पट्टे पाडा, एकात घोडे आणि दोन मोकळे. गाईच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, ती जिभेनं गवत ओढते, घोड्याला वरखाली दोन्ही दात आहेत, तो मुळापर्यंत कातरतो, आणि कोवळं गवत आवडतं म्हणून त्याच त्याच जागेवर परत जातो. चार बोटांच्या खाली गवत गेलं की पट्टा बदलायचा, खाल्लेल्या पट्ट्याला निदान तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. आणि सहाच्या वर सातवा घोडा येणार नाही हा आकडा लिहून घ्या. तुमच्या तिघांपैकी कुणाचाही असो, नाही म्हणजे नाही.

लिदीचं प्रकरण किरकोळ समजू नका. घोडा जिथे लीद टाकतो त्याच्या आसपास चरत नाही, म्हणजे लीद पडून राहिली की आधीच कमी असलेलं रान अजून कमी होतं. शिवाय लिदीत जंताची अंडी, उबदार दमट हवेत आठवडाभरात त्यातून अळ्या निघून गवतावर चढतात. तुम्ही एकट्यानं कितीही वेळेवर जंताचं औषध पाजलं तरी रान तेच असेल तर घोडी परत जंत घेणार. आठवड्यातून दोनदा लीद उचलायची, ज्याच्या जितक्या हजेऱ्या तितक्या त्याच्या पाट्या, आणि सहाही घोड्यांची लीद एकाच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. हे वरातवाल्याला भांडून नाही, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, त्याचा धंदा त्या घोड्यांवर आहे, तो ऐकेल. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन धनगर तुमच्या भागात उतरत असतील तर त्यांना दोन रात्री रानात मेंढ्या बसवायला विचारा. घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात टिकत नाहीत, घोड्यांनी सोडलेलं गवत मेंढ्या खातात आणि लेंडीखत मिळतं ते वेगळंच.

हरभऱ्याची भरपाई आजच द्या. तिघांनी सारखी काढा, कुणी फाटक उघडं टाकलं ते नंतर बघू. शेजारचा शेतकरी तुमच्यावर नाराज झाला तर त्या रानात तुमचं काही चालणार नाही, आणि त्यानं घोडे कोंडवाड्यात घातले असते तरी तो चुकला नसता, १८७१ च्या कायद्यात गुरं या शब्दात घोडी, शिंगरू, तट्टू, खेचर सगळे येतात. पुढे जाऊन नियम एकच, शेवटी बाहेर पडेल त्यानं साखळी लावून वहीत सही करायची. सही ज्याची, भरपाई त्याची.

आणि एक कलम माझ्या आग्रहाखातर घाला. मी तरुणपणी खेड शिवापूरकडे असंच भागीदारीत रान घेतलं होतं. एका दुपारी माझ्या घोडीला पोटशूळ उठला, ती लोळत होती, भागीदार तिथेच होता, मी गाडीवर होतो म्हणून फोन उचलला नाही, आणि त्यानं डॉक्टरला बोलावलं नाही कारण खर्च कोण देणार यावरून आमचं आधीच वाजलेलं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्या घोडीची आठवण अजून जात नाही. म्हणून लिहून ठेवा, मालक फोनवर सापडला नाही तर जो हजर असेल त्यानं डॉक्टरला बोलवायचं, एवढ्या रकमेपर्यंत खर्च करायचा, आणि घोड्याच्या मालकानं तो दुसऱ्या दिवशी बिनतक्रार द्यायचा. नवा घोडा आला की तीन आठवडे वेगळा बांधायचा हेही त्याच कागदावर.

कागद एका पानाचा, मराठीत, तिघांच्या सह्या, एक प्रत मालकांना. सोडून जाणाऱ्यानं महिनाभर आधी सांगायचं आणि डिपॉझिटमधला त्याचा वाटा कसा परत द्यायचा तेही घाला. आत्ता करार तुमच्या एकटीच्या नावावर आहे, म्हणजे दोघांनी पैसे बुडवले तरी मालक तुमच्याच दारात येणार. नवीन करारात तिघांची नावं घ्या. तेव्हाही मालक पूर्ण भाडं तिघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलम तेच सांगतं, पण ज्यानं जास्त भरलं त्याला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करता येतो.

हे सगळं ग्रुपवर टाकू नका. रविवारी सकाळी रानातच बसा, चहा न्या, नालबंद किंवा डॉक्टर, ज्याला तिघंही मानतात त्याला मध्ये बसवा. तरीही वरातवाला अडून बसला तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे केस टाकायच्या आधीही समेटासाठी अर्ज करता येतो, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच, तिच्यावर अपील नाही. मला वाटतं तिथवर जायची वेळ येणार नाही. आकडे समोर मांडले की त्यालाही दिसेल की त्याचेच घोडे सगळ्यात जास्त उपाशी आहेत.

प्रश्न : आमची भोर रस्त्याला चार एकर पडीक जमीन आहे. दोन घोडेवाले चराईसाठी मागतायत, पण वडील म्हणतात लिहून दिलं की कूळ लागेल, तोंडीच द्या. काय करावं?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : वडिलांची भीती उगाच नाही, १९४८ च्या कूळ कायद्यात कसणाऱ्याकडे जमिनी गेलेल्या त्यांच्या पिढीनं घराघरात पाहिल्यात. पण तोंडी दिल्यानं ती भीती कमी होत नाही, वाढते, कारण वाद झाला तर काय ठरलं होतं याचा पुरावाच नसतो. वकिलाकडून एका हंगामाचा, फार तर ११ महिन्यांचा कागद करून घ्या, त्यात स्वच्छ लिहा की दिलंय ते उभं गवत चारायला, जमीन कसायला नाही, ताबा आमचाच. ई-पीक पाहणी दर हंगामात तुम्ही स्वतः भरा आणि सात-बारा दरवर्षी काढून बघा. शेजारी गायरान असेल तर हद्द मोजून दगड लावा, गायरान सरकारी आहे, त्याचं भाडं तुम्ही घेऊ शकत नाही, आणि घोडे तिकडे गेले तर विचारणा तुम्हालाच होईल.

दोघांनाही वेगवेगळा कागद देऊ नका, एकच द्या, घोड्यांची संख्या त्यातच टाका. आणि पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे घोडे आत सोडायचे नाहीत हे आधीच लिहून घ्या, कोंब खुरांखाली चिखलात गेले तर त्या वर्षी गवत परत उठत नाही. त्या तीन आठवड्यांचं भाडं मात्र घेऊ नका.