कपाट मावतंय, पण पल्ला उघडत नाही

*ताई, चार महिन्यांनी आम्ही दोघं पाच खोल्यांच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात जातोय. जिने झेपेनात, म्हणून दोघांनी मिळूनच ठरवलं. पण सामान काढायला बसलं की रोज भांडण होतं. यांची दीड हजार पुस्तकं आहेत आणि सासऱ्यांच्या वेळचं मोठं कपाट आहे. "कपाट इथे राहणार असेल तर मीही इथेच राहतो," असं परवा म्हणाले. मुलांचं सामानही आमच्याकडेच. "टाकू नका, येऊन बघतो" म्हणतात आणि येत नाहीत. नव्या घरी स्वयंपाकघराची भिंत पाडून मोकळं करावं, असं मला वाटतं. मी कठोर होतेय का? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, वय ६२*

ताई, तुम्ही मुळीच कठोर नाही. तुम्ही दोघं चुकीच्या टोकाकडून आवरायला बसलात, एवढंच झालंय. एकेक वस्तू हातात धरून "हे न्यायचं का?" विचारलं की समोरच्याला "तुमचं काय टाकू?" असंच ऐकू येतं. मग माणूस हट्टाला पेटतो. आठवडाभर काहीही काढू नका. टेप घ्या आणि दोघं मिळून नव्या घरी जाऊन मापं घेऊन या.

भिंतींची लांबी सगळेच मोजतात. तुम्ही दारं, खिडक्या, स्विचबोर्ड आणि छताची उंचीही मोजा. दाराची चौकट ३ फुटांची असली तरी उघडा पल्ला आत इंच-दोन इंच जागा खातो, म्हणून पल्ला पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजायची. लिफ्टचं दार, लिफ्टची आतली लांबी-रुंदी, जिन्याचं वळण हेही लिहून घ्या. घरी आल्यावर चौकटी कागदावर फुटाला २ सेंटिमीटर या मापाने खोल्या काढा, त्याच मापाने सामानाचे कागदी तुकडे कापा आणि सरकवून बघा. पहिला तुकडा यांच्या वाचायच्या खुर्चीचा ठेवा. शेजारी दिवा आणि पुस्तक ठेवायला हात पोचेल एवढी जागा सोडा. नव्या घरात आपली जागा दिसली की माणूस बाकीच्या गोष्टींवर बोलायला तयार होतो.

आता कपाट. तुम्ही कळवलेली मापं ४ फूट रुंद, २ फूट खोल, ७ फूट उंच. झोपायची खोली १० बाय ११. साडेसहा फुटी पलंग १० फुटांच्या बाजूने लावलात तर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. त्यात कपाटाचे २ गेले, उरला दीड फूट. पल्ला आहे २ फुटांचा. म्हणजे कपाट मावेल, पण उघडणार नाही! पलंग ११ फुटांच्या बाजूने फिरवला तर कपाट ठेवूनही पायथ्याशी अडीच फूट मिळतात आणि पल्ला पूर्ण उघडतो. त्या भिंतीत दार किंवा खिडकी आड येत नसेल तर कपाट खुशाल न्या.

एक गोष्ट मात्र मोजायची राहते आणि ऐनवेळी नडते. आडवं आत नेलेलं कपाट उभं करताना ते कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं जातं. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाटाला उभं राहताना जवळपास ७ फूट साडेतीन इंच उंची लागते. नुसतं छत अडवत नाही, पण वर माळा किंवा खाली उतरवलेलं फॉल्स सीलिंग असेल तर तिथेच अडतं. जुन्या कपाटांचा माथा आणि पाया बऱ्याचदा सुटा होतो. सुताराला आधी दाखवून घ्या.

खिडकी आड आलीच, तर त्याच कपाटाचे पल्ले काढून ते बाहेरच्या खोलीत पुस्तकांसाठी ठेवता येईल. ४ फुटांच्या सहा फळ्या म्हणजे २४ फूट पुस्तकं. फळीला मध्ये आधार हवाच, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने वर्षभरात पोट येतं. कपाट वरून भिंतीला अँगलने बांधा. हा तोडगा मला मनापासून आवडतो, कारण वडिलांचं कपाट आणि स्वतःची पुस्तकं रोज यांच्या डोळ्यांसमोर राहतील.

पुस्तकांचा हिशोब यांच्यासमोर असाच मांडा. सरासरी इंचभर जाडी धरली तर दीड हजार पुस्तकांना १२५ फूट फळी लागते. हे कपाट पुस्तकांना दिलं तर ते आणि ३ फुटी सहा फळ्यांचं आणखी एक, मिळून ४२ फूट, म्हणजे सुमारे पाचशे पुस्तकं. काय जाईल ते विचारूच नका. कोणती पाचशे येतील ते त्यांनी एकट्याने निवडावं आणि तुम्ही त्या खोलीत थांबूही नये. भरताना लहानच खोकी घ्या. फूटभर पुस्तकं साधारण आठ-दहा किलो भरतात, तेव्हा एका खोक्यात दोन फुटांहून जास्त नको. मोठी खोकी उचलताना तळ सुटतो.

काढायला सुरुवात माळ्यापासून करा, मग स्वयंपाकघरातली जोडीजोडीची भांडी, मग कपडे. फोटो आणि पत्रं सर्वांत शेवटी. ती आधी उघडलीत तर दुपार तिथेच संपते आणि मन पुढे कशात लागत नाही. मुलांना प्रत्येक वस्तूचा फोटो पाठवा आणि सहा आठवड्यांनंतरची एक तारीख द्या. तोवर नेलं नाही तर तुम्ही देऊन टाकणार, हे त्याच निरोपात लिहा. आणि तारीख उलटली की खरंच द्या. "तोवर भाड्याच्या गोदामात ठेवू" याला हो म्हणू नका. तिथे गेलेलं सामान सहसा उघडलं जात नाही, भाडं मात्र चालू राहतं.

भिंतीचं म्हणाल, तर ती वजन पेलणारी आहे की नुसती आडभिंत, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघेपर्यंत तिला हातोडा लावू देऊ नका. ठोकून येणाऱ्या आवाजावरून हे ठरत नाही. शिवाय पाडल्यावर कपाटं लावायला एक भिंत कमी होते, आणि लहान घरात भिंतींचीच टंचाई असते. मी तुमच्या जागी दार काढून नुसती चौकट रुंद करता येते का, ते आधी विचारीन. त्यालाही इंजिनिअर हवाच.

पैसे न्हाणीघरावर आधी घाला. दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. आधाराचे दांडे जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, भरीव भिंतीत पक्के बसवून घ्या. नुसत्या टाइलमध्ये बसवलेला दांडा भार पडताच उपटून येतो. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी दोन इंच पाणी साठवून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. वायरिंग कागदावरचं सामान पक्कं झाल्यावरच करा, म्हणजे पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि त्या खुर्चीशी पॉइंट येतील.

नवं फर्निचर मात्र दोन महिने राहून झाल्यावर करा. आणि तो चौकटी कागद परवाच्या रुसव्यावर बोलायच्या आधीच टेबलावर पसरून ठेवा. कपाटाचा तुकडा यांनाच कापू द्या.